केग घ्यायचा तर आधी त्याचं तोंड बघा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी खिशातून रेग्युलेटरचं बोटभर फिटिंग काढून काउंटरवर ठेवलं. दुकानातल्या काकांनी मागच्या खणातून एक पितळी नट उचलला आणि त्यावर फिरवायला घेतला. दोन आटे सुरळीत गेले, तिसऱ्याला अडकला. काकांनी पान्याला हातही लावला नाही. नट उलटा फिरवून काढला, फिटिंग उजेडात धरलं आणि म्हणाले, "दादा, ह्याचे आटे वेगळे आहेत. जोर लावला तर बसेल, पण गॅस धरणार नाही."

त्यांचं निदान अचूक होतं. आपल्याकडच्या नळाच्या सामानाला ब्रिटिश मापाचे आटे असतात. पाव इंची फिटिंगवर इंचाला १९ आटे आणि आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा. माझं फिटिंग अमेरिकन मापाचं होतं, इंचाला १८ आटे आणि कोन ६० अंशांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पाण्याच्या नळाला असा फरक टेफ्लॉन टेप गुंडाळून कसाबसा झाकता येतो, पण दाबाखालचा वायू त्याच फटीतून रात्रभर निसटत राहतो.

हा सगळा खटाटोप घरच्या सोड्यासाठी. केग म्हणजे पेय दाबाखाली भरून ठेवायचं पिंप, कपलर म्हणजे त्याच्या तोंडावर बसणारा जोड आणि रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधल्या वायूचा दाब आवरणारं साधन. केग, कपलर, रेग्युलेटर हे शब्द ऐकले की लोकांना बिअर आठवते, आणि परदेशात ही साधनं घरी बिअर बनवणारेच जास्त वापरतात. अमेरिकेत १९७८ साली तशी कायदेशीर मुभा मिळाली आणि तो छंद फोफावला. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. म्हणून माझ्या केगमध्ये असतो आल्याचा सोडा, नाहीतर कोकमाचा. विज्ञान दोन्हीकडे तेच, आणि गंमत म्हणजे घरगुती बिअरवाल्यांचा लाडका केग मुळात सोड्यासाठीच जन्माला आला होता.

तो म्हणजे कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून ओळखला जाणारा 'कॉर्नी' केग. स्टेनलेस स्टीलचा, साधारण १९ लिटरचा, उभट डबा. अमेरिकेत शीतपेयं याच डब्यांतून दुकानांत जायची. पुढे सरबताच्या पाकासाठी खोक्यातल्या पिशव्या आल्या, हजारो डबे रिकामे पडले आणि छांदिष्टांनी ते उचलले. पेप्सीवाल्यांचे डबे 'बॉल लॉक'चे होते, म्हणजे कपलर बारीक गोळ्यांनी अडकणारे, आणि कोकाकोलावाल्यांचे 'पिन लॉक'चे, म्हणजे पिनांनी अडकणारे. ती दोन घराणी आजही चालू आहेत.

या केगचं झाकण मला फार आवडतं. ते गोल नाही, लंबगोल आहे. तिरकं करून आत घालायचं, सरळ करायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. म्हणजे आतला दाब झाकण उडवत नाही, उलट तेच घट्ट दाबून धरतो. आत दाब असताना झाकण उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. मुंबईकराला ही युक्ती नवी नाही. गोटी सोड्याच्या बाटलीत नेमकं हेच होतं. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत वायूच काचेची गोटी वर ढकलून रबराच्या कडीवर दाबून ठेवतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली की 'फस्स'. केगच्या तोंडाशी असलेली स्प्रिंगची झडप म्हणजे त्या गोटीची नातच. कपलर वरून दाबला की त्यातली खुंटी झडपेला आत ढकलते आणि वाट मोकळी होते. कपलर काढला की झडप आपोआप मिटते.

कॉर्नीला अशी दोन तोंडं असतात. एकातून वायू आत जातो, दुसऱ्याखालची लांब नळी तळापर्यंत पोचलेली असते आणि तिच्यातून पेय वर येतं. पिन लॉकमध्ये वायूच्या तोंडाला दोन पिना, पेयाच्या तोंडाला तीन. चूक करायची म्हटली तरी होत नाही. बॉल लॉकची दोन्ही तोंडं जवळपास सारखी दिसतात, म्हणून वायूचा कपलर बहुधा राखाडी असतो आणि पेयाचा काळा. उलटा लावून जोर केला तर असा रुतून बसतो की काढताना घाम फुटतो. तरीही नव्याने घेणाऱ्याला मी बॉल लॉकच सांगेन. सुटे भाग सहज मिळतात आणि बहुतेक झाकणांवर ओढायची कडी असलेली झडप असते. ती ओढली की दाब लगेच मोकळा. जुन्या पिन लॉकच्या झाकणांवर बऱ्याचदा अशी कडी नसते.

बारमध्ये दिसणारा केग वेगळा, त्याला सँकी म्हणतात. त्याला एकच तोंड, आणि त्याच तोंडातून मधून पेय बाहेर येतं नि भोवतीने वायू आत जातो. त्याच्या कपलरांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. अमेरिकेत डी प्रकार सर्वाधिक चालतो, युरोपात एस, आणि काही जर्मन केगना ए प्रकारचा सरकवून बसवायचा कपलर लागतो. एकाचा कपलर दुसऱ्याला चालत नाही. बारसाठी हा केग उत्तम, कारण तो धुणं, भरणं सगळं यंत्रावर होतं. घरी मात्र हात घालून घासता येत नाही. आणि त्याची मधली नळी दाब पूर्ण न सोडता उघडली तर ती गोळीसारखी वर उडते. यात माणसं दगावली आहेत. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून हा केग घरी आणू नका.

आता मुंबईच्या हवेकडे वळू. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम सांगतो की द्रवात किती वायू विरघळेल हे त्यावरच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. पण ते प्रमाण तापमानागणिक बदलतं. साध्या वातावरणीय दाबाखाली ० अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. ३० अंशाला जेमतेम पाऊण लिटरहूनही कमी. चांगला तरतरीत सोडा हवा तर लिटरमागे साधारण साडेतीन लिटर वायू लागतो. फ्रिजमधल्या ४ अंशांच्या पाण्याला त्यासाठी २० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपासचा दाब पुरतो. तेच पाणी ओट्यावर ३० अंशांत ठेवलं तर ६० च्या वर जावं लागतं, आणि इतकं करून नळ उघडला की पेल्यात नुसता फेस.

म्हणून केगचा आकार फ्रिज मोजून ठरवावा. १९ लिटरचा बॉल लॉक केग सुमारे ६३ सेंटीमीटर उंच आणि भरल्यावर २३ किलोंच्या आसपास जड. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि फ्रिजही एका दाराचा. मी साडेनऊ लिटरचा घेतला, आणि तो बसवायला एक कप्पा काढावा लागला. आई त्या कप्प्यावर अजूनही हक्क सांगते.

केगच्या आधी मी आल्याचं पेय बाटल्यांतच आंबवत असे. एका मे महिन्यात रात्री अडीच वाजता ओट्याखाली बाटली फुटली, पाठोपाठ दुसरी. सकाळी काचेचे तुकडे तांदळाच्या डब्यामागे सापडले. हिशेब साधा होता आणि तो मी आधीच करायला हवा होता. यीस्टने लिटरमागे ४ ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. माझ्या पेयात लिटरला ८० ग्रॅम साखर होती. सगळी आंबली असती तर २० लिटर वायू, तोही ३२ अंशांच्या उकाड्यात. काच कुठून टिकणार? त्या दिवसापासून मी यीस्ट सोडलं. आता आल्याचा रस, लिंबू, साखर, थंड पाणी केगमध्ये आणि वायू सिलिंडरमधून. दाब रेग्युलेटर ठरवतो, यीस्ट नव्हे.

सिलिंडरलाही मे महिना कळतो. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, पण ३१.१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते. मुंबईच्या दुपारी बंद खोलीतला सिलिंडर सहज ही रेषा ओलांडतो आणि मग थोड्याशा उष्म्यानेही दाब झपाट्याने चढतो. म्हणून सिलिंडर वजनावर भरतात, ठासून नाही. तो मान्यताप्राप्त ठिकाणीच भरून घ्यावा, खाद्यपेयांसाठीचाच वायू मागावा, आणि तो उभा, सावलीत, खिडकीजवळ ठेवावा. २ किलो वायू खोलीत निसटला तर त्याचं आकारमान १.१ घनमीटरच्या आसपास भरतं. दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात ते हवेच्या ५ टक्क्यांवर जातं, आणि तेवढ्यात धाप लागून डोकं गरगरायला लागतं. हा वायू हवेहून जड, वास नसलेला, त्यामुळे कळतही नाही.

आणि पितळ. ते नागदेवीला स्वस्त मिळतं, पण ते सिलिंडरकडच्या कोरड्या बाजूलाच ठेवा. सोडा आम्लधर्मी असतो, कोकम त्याहून. पितळातलं तांबं पेयात उतरतं. पेयाला स्पर्श करणारा प्रत्येक भाग स्टेनलेस किंवा खाद्यपेयांसाठीच्या प्लास्टिकचा हवा. धुताना ब्लीचही नको, क्लोरीन स्टेनलेसला सुईएवढी भोकं पाडतो. जुना केग घेतलात तर सगळ्या ओरिंग (जोड घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्या) बदला, रबरात मागच्या सरबताचा वास वर्षानुवर्षं राहतो.

काकांनी मला शेवटी जवळच्याच लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने स्टीलचा तुकडा लावला, एका टोकाला १८ चे आटे कापले, दुसऱ्याला १९ चे. घरी येऊन तो जोड रेग्युलेटरवर चढवला, दाब सोडला आणि भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने सगळ्या जोडांवर लावला. झाकणापाशी एक बारीक बुडबुडा फुगत होता. झाकण काढून ओरिंगला पुसटसं खाद्यपेयांना चालणारं ग्रीस लावलं, पुन्हा बसवलं, पुन्हा फेस लावला. यावेळी काहीच हललं नाही. सिलिंडर बंद केला, गेजवरचा आकडा पेन्सिलने भिंतीवर लिहिला आणि झोपलो. सकाळी काटा तिथेच होता.