नेब्रास्का हस्कर्सचा २०२१ चा सीझन

नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या लिंकनमधल्या फुटबॉल टीमचा (टोपणनाव हस्कर्स) २०२१ चा सीझन म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधलं एक अजब प्रकरण. १२ मॅच, ३ जिंकल्या, ९ हरल्या, बिग टेन कॉन्फरन्समध्ये (ही टीम ज्या कॉलेजांच्या गटात खेळते तो) तर १ जिंकली, ८ हरल्या, म्हणजे १-८. आता ३-९ वाल्या टीम दर वर्षी चिकार असतात, त्यात काय एवढं, पण इथे नऊच्या नऊ मॅच ९ किंवा त्याहून कमी पॉइंटनी गेल्या आणि वर्षभराचा हिशोब मांडला तर नेब्रास्काचे ३३५ पॉइंट, समोरच्यांचे २७२. म्हणजे एकूणात ६३ पॉइंटनी पुढे असूनही टीम तळाशी. अर्थात या आकड्यावर फार भाळू नये, कारण जिंकलेल्या तीन मॅच (फोर्डहॅम ५२-७, बफेलो २८-३, नॉर्थवेस्टर्न ५६-७) बाजूला काढल्या की तो फुगा फुटतो.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडच्या एंड झोनमध्ये नेला की) ६, त्यानंतर किक मारून १ म्हणजे एक्स्ट्रा पॉइंट (किंवा रिस्क घेऊन २), फील्ड गोलचे (किक मारून बॉल खांबांमधून घातला की) ३, सेफ्टीचे (टीम बॉलसकट स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकली की समोरच्यांना) २. म्हणून ८ पर्यंतचा फरक एका फटक्यात भरून निघू शकतो, त्याला वन-स्कोअर गेम म्हणतात. नेब्रास्काच्या ९ पैकी ८ हारी याच प्रकारातल्या, फक्त ओहायो स्टेटकडून १७-२६ अशी ९ ने हार झाली. जिंकलेली एकही मॅच अशी अटीतटीची नव्हती, म्हणजे वन-स्कोअर गेममध्ये ०-८.

हे एवढं लागायचं कारण म्हणजे ही टीम कोण होती. नेब्रास्का राज्यात एनएफएलची (अमेरिकेतली प्रोफेशनल फुटबॉल लीग) टीमच नाही, त्यामुळे जे काही आहे ते हस्कर्स. मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून दर मॅचला सोल्ड आउट, पाच नॅशनल टायटल (१९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७), १९६९ ते २००३ सलग ३५ वर्षं बोल गेम (सीझननंतरची मानाची मॅच). कोच स्कॉट फ्रॉस्ट तर घरचाच पोरगा, १९९७ च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (अटॅक चालवणारा, पास फेकणारा प्लेयर), २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून माहेरी परतला तेव्हा लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला. पण पहिली तीन वर्षं ४-८, ५-७, ३-५ अशीच गेली, त्यामुळे चौथ्या वर्षी लोकांचा धीर सुटत आलेला.

सीझनची सुरुवातच इलिनॉयकडे २२-३० अशी. त्यात पंट (बॉल समोरच्यांकडे लांब सोपवणारी किक) झेलायला उभ्या नेब्रास्काच्या प्लेयरने बॉल स्वतःच्या गोल लाइनजवळ पकडला आणि गडबडीत एंड झोनमधून फेकून दिला, झाली सेफ्टी. हाफच्या आधी क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझचा फंबल (हातून सुटलेला बॉल) उचलून इलिनॉयने टचडाउन केला. शिवाय दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. तीन आठवड्यांनी ओक्लाहोमाविरुद्ध (या दोघांच्या १९७१ च्या गाजलेल्या मॅचला ५० वर्षं झाली म्हणून ठेवलेली मॅच) एक्स्ट्रा पॉइंटची साधी किक ब्लॉक झाली आणि त्यांच्या प्लेयरने ती उचलून पार दुसऱ्या टोकाला नेली, म्हणजे मिळायचा होता १ आणि द्यावे लागले २. हार १६-२३.

मिशिगन स्टेटची मॅच या सगळ्यात जास्त जिव्हारी लागणारी. चौथ्या क्वार्टरला नेब्रास्का २०-१३ पुढे, दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांचा अटॅक जवळपास ठप्प, फक्त पंट मारून वेळ काढायचा होता. ठरलं होतं एका बाजूला मारायचा, गेला दुसऱ्या बाजूला, आणि अडवायला धावणारी अख्खी टीम ठरलेल्या बाजूला पळत सुटलेली! जेडन रीडने मोकळ्या मैदानातून ६२ यार्ड पळत टचडाउन केला, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, तिथे मार्टिनेझचा पास पळवला गेला आणि २०-२३. मग मिशिगनशी २९-२९ असताना दोन मिनिटांच्या आत वेळ उरलेला आणि पुन्हा मार्टिनेझच्या हातून बॉल हिसकावला, फील्ड गोल, २९-३२. मिनेसोटा २३-३०, पर्ड्यू २३-२८, विस्कॉन्सिन २८-३५, तेच ते.

शेवटची मॅच घरी, आयोवाशी. मार्टिनेझ जखमी, लोगन स्मदर्स क्वार्टरबॅक, तरी २१-६ लीड. नंतर पंट ब्लॉक होऊन टचडाउन, वर एक सेफ्टी, आयोवाचे सलग २२ पॉइंट आणि २१-२८.

बरेच जण याला नुसतं नशीब म्हणतात, आणि थोडंफार खरंही आहे, जवळच्या मॅचचा निकाल कुठेही झुकू शकतो. पण एका वर्षापुरतं नशीब समजू शकतो, फ्रॉस्टचा नेब्रास्कातला वन-स्कोअर गेमचा एकूण रेकॉर्ड ५-२२ आहे, त्याला नशीब म्हणणं म्हणजे दर वेळी शेवटच्या ओव्हरला मॅच घालवणाऱ्या टीमने टॉसला दोष देण्यासारखं. पंट, किक, ब्लॉक म्हणजेच स्पेशल टीम्स, आणि नको त्या वेळी बॉल हरवणं, वरच्या मॅच याच दोन गोष्टींनी गेल्या. डिफेन्स तर चांगलाच होता, नऊ हारींत सरासरी जेमतेम सहा पॉइंटचा फरक.

८ नोव्हेंबर २०२१ ला, सीझन संपायच्या आधीच, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा प्रमुख) ट्रेव्ह अल्बर्ट्सने फ्रॉस्टला ठेवायचं ठरवलं, पण पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला आणि अटॅकचे चार असिस्टंट कोच घरी पाठवले. स्पेशल टीम्स बिल बुशकडे सोपवल्या. मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) मारायला लावली, ती फसली आणि मॅच २८-३१ ने गेली. त्यानंतर जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्येच येऊन ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, त्याला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, पण तेवढे तीन आठवडेही कोणाला नको होते.