सानरेमो गीतमहोत्सव

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील सानरेमो या नगरात दरवर्षी भरणारी आणि ‘राई’ या इटलीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थेकडून प्रक्षेपित होणारी, नव्या इटालियन गीतांची स्पर्धा. ‘फेस्तिव्हाल देल्ला कान्त्सोने इतालियाना’ म्हणजे ‘इटालियन गीताचा महोत्सव’ हे तिचे औपचारिक नाव असले, तरी बोलण्यात तिला नुसते ‘सानरेमो’ किंवा ‘फेस्तिव्हाल’ म्हणतात. १९५१ पासून ही स्पर्धा खंड न पडता भरत आली आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ती मार्च महिन्यात आणि रिकाम्या प्रेक्षागृहात घ्यावी लागली, पण चुकली नाही.

नगराच्या नावाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. जुन्या ग्रंथांत व नकाशांत ‘सान रेमो’ अशी दोन शब्दांची नोंद आढळते आणि तीवरून रोमच्या स्थापनाकथेतील रेमस या भावाशी संबंध जोडला जातो. तो बरोबर नाही. रेमो नावाचा संत येथील परंपरेत नसून जेनोव्हाचा बिशप संत रोमोलो याच्या नावाचे स्थानिक लिग्युरियन बोलीतील रूप पुढे इटालियन लेखनात ‘सानरेमो’ झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आता एकशब्दी रूपच अधिकृत मानले जाते. मराठी वाचकाला हे नाव एप्रिल १९२० च्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेमुळे इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित असते. आल्फ्रेड नोबेल यांचे निधन १८९६ मध्ये याच नगरात झाले. हिवाळ्यातही सौम्य राहणारी हवा, त्या हवेवर पोसलेली फुलशेती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला कॅसिनो या तीन गोष्टींवर नगराचे अर्थकारण उभे होते, व महोत्सवाचा उगमही त्यांतच शोधावा लागतो.

उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. इटालियन संदर्भग्रंथांत बहुधा फुलांचे व्यापारी आमिल्कारे रांबाल्दी यांना जनकत्व दिले जाते. युद्धसमाप्तीनंतर लगेच, बहुधा १९४५ मध्ये, नगराच्या पुनरुभारणीसाठी त्यांनी ज्या सूचना मांडल्या त्यांत गीतस्पर्धेचा समावेश होता. ती सूचना तेव्हा बाजूला पडली. दुसरा पक्ष तस्कनीतील व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावाकडे बोट दाखवतो, कारण तेथे १९४८ व १९४९ मध्ये इटालियन गीतांचा महोत्सव भरला होता आणि तो पैशांअभावी थांबला. तिसरा धागा आणखी मागे जातो: १९३१ च्या अखेरीस सानरेमोच्याच कॅसिनोत नेपल्सच्या गीतांचा महोत्सव झाला होता. परंतु तो एका प्रादेशिक गीतपरंपरेचा सोहळा होता. नवी गीते मागवून त्यांत क्रम लावण्याची कल्पना त्यात मध्यवर्ती दिसत नाही, म्हणून त्याला पूर्वज म्हणता येईल, आरंभ नव्हे. प्रत्यक्ष घडामोड १९५० ची आहे. कॅसिनोचे चालक पिएर बुसेत्ती यांना पर्यटकांचा ओघ आटणाऱ्या महिन्यांत गिऱ्हाईक हवे होते, तर राईचे जूलिओ रात्सी यांना नभोवाणीसाठी नवी देशी गीते हवी होती. या दोन गरजा जुळल्या तेव्हा महोत्सव जन्मला. रांबाल्दी यांच्या दूरदृष्टीचे मोल कमी न करता असे म्हणावे लागते, की कल्पना त्यांच्याकडे आधी होती, पण तिला देह मिळाला तो कॅसिनो आणि नभोवाणी यांच्या व्यवहारातून. रांबाल्दी यांनी पुढे १९७० च्या दशकात याच नगरात गीतकार-गायक लुईजी तेन्को यांच्या नावाने, स्वतः रचून गाणाऱ्या कवी-गायकांसाठी वेगळे व्यासपीठ उभारले, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

पहिला महोत्सव २९ ते ३१ जानेवारी १९५१ या तीन रात्री कॅसिनोच्या समारंभ-दालनात झाला. श्रोते नाट्यगृहातल्यासारखे रांगांत नव्हे, तर खाण्यापिण्याच्या टेबलांभोवती बसले होते. वेटरांची ये-जा चालू असताना नून्त्सिओ फिलोगामो निवेदन करीत होते आणि चिनिको आंजेलिनी यांचा वाद्यवृंद साथीला होता. वीस गीते होती, पण ती गाणारे तिघेच: निल्ला पित्सी, आकिले तोल्यानी आणि फासानो भगिनींची जोडी. पित्सी यांनी गायलेले ‘ग्रात्सिए देई फिओरी’ म्हणजे ‘फुलांबद्दल आभार’ हे गीत पहिले आले. फुलांच्या नगराला ते शोभून दिसले. पुढच्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक पित्सी यांनी गायलेल्या गीतांना मिळाले आणि त्यात कोणाला नियमभंग वाटला नाही, कारण स्पर्धक गायिका नव्हती, गीत होते.

ही बाब नीट ध्यानात घेतल्याशिवाय महोत्सवाच्या आखणीचा इतिहास उलगडत नाही. १९५३ ते १९७१ या काळात, एखाददुसरे वर्ष वगळता, प्रत्येक गीत दोन वेगवेगळ्या गायकांकडून, वेगवेगळ्या वाद्यमेळासह सादर होई, म्हणजे चाल आणि शब्द यांचे मोल गळ्याच्या मोहिनीपासून वेगळे करता यावे. १९५८ चे विजयी गीत ‘नेल ब्लू, दिपिन्तो दी ब्लू’ दोमेनिको मोदुन्यो यांच्याबरोबरच जॉनी दोरेल्ली यांनीही गायले होते. १९६४ पासून दुसऱ्या सादरीकरणासाठी परदेशी कलावंत येऊ लागले. १९६८ मध्ये तर लुई आर्मस्ट्राँग त्या मंचावर इटालियन गीत गाऊन गेले. या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण १९५५ चे आहे. महोत्सव दूरचित्रवाणीवर दिसलेले ते पहिलेच वर्ष. अंतिम रात्री क्लाउदिओ विल्ला यांचा आवाज बसला होता, तेव्हा मंचावर ग्रामोफोन ठेवून त्यांच्या आवाजातील तबकडी वाजवण्यात आली आणि तेच गीत विजयी ठरले. १९७२ पासून एक गीत, एक गायक ही पद्धत रूढ झाली. तेव्हापासून गीतस्पर्धा हे नाव कायम राहून ती हळूहळू गायकांची स्पर्धा होत गेली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते महोत्सवाने गमावलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होय.

१९६७ च्या महोत्सवावर शोकाची छाया आहे. लुईजी तेन्को यांचे, गायिका दालिदा यांनीही गायलेले गीत अंतिम फेरीत पोचले नाही आणि २७ जानेवारीच्या पहाटे तेन्को हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. निवडीच्या पद्धतीविषयीचे पुढचे बरेच लेखन या घटनेपाशी येऊन थांबते.

१९७० च्या दशकात महोत्सवाला ओहोटी लागली आणि काही वर्षे केवळ अंतिम रात्रच दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. १९७७ मध्ये तो कॅसिनोतून आरिस्तोन चित्रपटगृहात गेला व रंगीत दिसू लागला. तेव्हापासून आरिस्तोन हेच त्याचे घर आहे. अपवाद १९९० चा, जेव्हा तो शहराबाहेर नव्या फुलबाजाराच्या इमारतीत भरला. १९८० च्या दशकात वाद्यवृंदाला रजा देऊन ध्वनिमुद्रित साथ वापरण्यात आली, काही वर्षी तर गायकही नुसते ओठ हलवीत. वाद्यवृंद परतला तो १९९० मध्येच.

आखणीच्या दृष्टीने महोत्सवाचे तीन धनी आहेत. नाव आणि बोधचिन्ह सानरेमो नगरपालिकेच्या मालकीचे आहे; निर्मिती व प्रक्षेपण राई करते; गायक आणि गीते मुख्यतः ध्वनिमुद्रण कंपन्यांकडून येतात. जान्नी रावेरा यांच्यासारख्या खाजगी संयोजकांकडे दीर्घकाळ असलेली सूत्रे १९९० च्या दशकात राईकडे आली. नगरपालिका व राई यांच्यातील करार निविदेविना होत असे. लिग्युरियाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये ही थेट नेमणूक बेकायदा ठरवली आणि मे २०२५ मध्ये वरिष्ठ प्रशासकीय न्यायपीठाने तो निर्णय कायम केला. कार्यक्रमाचा आराखडा आपला आहे, केवळ नावाला वेगळे अस्तित्व नाही, ही राईची भूमिका होती. न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर नगरपालिकेने २०२६ ते २०२८ या वर्षांसाठी जाहीर सूचना काढली. तीत वर्षाला किमान ६५ लाख युरो आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा किमान एक टक्का अशा अटी होत्या. प्रतिसाद एकट्या राईने दिला.

वर्षाचा क्रम साधारणपणे असा असतो. कलासंचालकाची नेमणूक होते. अलीकडे तोच मुख्य सूत्रसंचालकही असतो, जसे २०२० ते २०२४ मध्ये आमादेउस व २०२५ मध्ये कार्लो कोंती. (सूत्रसंचालनाचा विक्रम तेरा महोत्सवांसह पिप्पो बाउदो यांच्या नावे असून त्यांच्यामागे माइक बोंजोर्नो यांचे अकरा आहेत.) उन्हाळ्यानंतर नियमावली प्रसिद्ध होते आणि कंपन्या गीते पाठवतात. गीत अप्रकाशित असावे लागते, त्याची भाषा मुख्यत्वे इटालियन असावी लागते व लांबी काही मिनिटांच्या मर्यादेत ठेवावी लागते. इटलीतील बोलीभाषांना मज्जाव नाही. २०२४ मध्ये जोलिएर यांचे गीत नेपल्सच्या बोलीत होते व त्यावर बरीच चर्चा झाली. डिसेंबरच्या आरंभी कलासंचालक राईच्या मुख्य बातमीपत्रात निवडलेल्यांची नावे स्वतः वाचून दाखवतो. नवोदितांचा विभाग १९८४ मध्ये सुरू झाला. एरोस रामात्सोत्ती त्याच वर्षी आणि लाउरा पाउझिनी १९९३ मध्ये त्यातूनच पुढे आले. जानेवारीत पत्रकारांना गीते बंद दालनात ऐकवली जातात आणि वाद्यवृंदासह तालमी चालतात.

महोत्सव फेब्रुवारीतील मंगळवार ते शनिवार अशा पाच रात्री चालतो. तारखा इतर मोठ्या प्रक्षेपणांशी जुळवून घ्याव्या लागतात: मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमुळे २०२६ चा महोत्सव २४ ते २८ फेब्रुवारीला ठरवण्यात आला. पहिल्या रात्री सारी गीते ऐकवली जातात, शुक्रवारी स्पर्धक जुनी गीते पाहुण्यांसह गातात, शनिवारी निकाल लागतो. आरिस्तोनचे प्रेक्षागृह सुमारे दोन हजार आसनांचे आहे. पडद्यावर अवाढव्य भासणारा मंच प्रत्यक्षात आटोपशीर असल्याचे पाहून प्रथम येणारा चकित होतो. प्रत्येक गीतापूर्वी त्या गीताच्या वाद्यवृंदसंचालकाचे नाव पुकारले जाते, संचालक येऊन प्रेक्षकांना अभिवादन करतो, मग काठी उंचावतो. गीत संपले की गायकाच्या हाती किनारपट्टीवरच्या फुलांचा गुच्छ येतो. विजेत्याला नगराच्या चिन्हातील सिंह व ताडवृक्ष यांची प्रतिमा दिली जाते. समीक्षकांचे पारितोषिक १९८२ पासून असून गायिका मिया मार्तीनी यांच्या निधनानंतर त्याला त्यांचे नाव मिळाले.

मतमोजणी हा नियमावलीचा सर्वाधिक बदलणारा भाग आहे. १९५१ मध्ये दालनातील श्रोतेच मत देत. १९८० च्या दशकात घोड्यांच्या शर्यतींच्या सट्ट्याच्या पावत्यांवरून कौल घेतला गेला. २०१९ मध्ये अंतिम तिघांत प्रेक्षकांच्या दूरध्वनी-मतांपैकी ४६.५ टक्के मते उल्तिमो यांना आणि १४.१ टक्के मते महमूद यांना मिळाली, तरीही पत्रकार व मान्यवर परीक्षकांच्या गुणांमुळे महमूद विजयी झाले. २०२४ मध्ये प्रेक्षकांच्या मतांचा वाटा ३४ टक्के आणि पत्रकार व नभोवाणी परीक्षक यांचा प्रत्येकी ३३ टक्के ठेवला गेला. त्या वर्षी जोलिएर यांना अंतिम फेरीत प्रेक्षकांची सुमारे ६० टक्के मते पडूनही विजय आंजेलिना मांगो यांचा झाला. केवळ प्रेक्षकांवर सोडल्यास संघटित चाहतेवर्ग निकाल पळवतो आणि केवळ परीक्षकांवर सोडल्यास लोकांचा विश्वास उडतो, म्हणून मिश्र पद्धतच त्यातल्या त्यात समर्थनीय ठरते.

१९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झालेल्या, युरोपीय देशांमधल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेला सानरेमोचा नमुना पुढे होता, हे सर्वमान्य आहे. १९५५ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवालाही काही जण श्रेय देतात. परंतु दूरचित्रवाणीवरील गीतांची स्पर्धा ही कल्पना सानरेमोकडूनच आलेली दिसते. विजेत्याला युरोव्हिजनमध्ये इटलीचे प्रतिनिधित्व करण्याचा पहिला मान असतो, सक्ती नसते. जिल्योला चिन्क्वेत्ती १९६४ मध्ये आणि मोनेस्किन हा वाद्यगट २०२१ मध्ये सानरेमो जिंकून युरोव्हिजनही जिंकले. २०२५ चे विजेते ओली यांनी हा मान नाकारला, आणि दुसरे आलेले लुचो कोर्सी युरोव्हिजनसाठी बाझेलला गेले.