गुडघ्याचे आंशिक सांधेरोपण : सुरुवातीची सुधारणा

गुडघ्याच्या सांध्याचे तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. झीज एकाच कप्प्यात असेल, बहुधा आतल्या, तर तेवढाच भाग धातू आणि पॉलिथिलीनने बदलतात. यालाच आंशिक सांधेरोपण किंवा ‘पार्शल नी’ म्हणतात. गुडफेलो आणि ओ’कॉनर यांनी घडवलेला, सरकत्या गादीचा (धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिथिलीनची गादी मोकळी सरकते असा) ‘ऑक्सफर्ड’ गुडघा 1982 पासून या कामी वापरात आहे.

सुधारणा लवकर दिसते त्याचे कारण कापले काय यापेक्षा राखले काय यात आहे. पूर्ण रोपणात पुढचा क्रुसबंध (मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत जोडणारा बंध) सहसा काढावा लागतो. इथे तो शाबूत राहतो. छेद लहान, हाडही थोडेच कापलेले. म्हणून रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालतो आणि गुडघा लवकर वाकू लागतो. ब्रिटनच्या सांधेरोपण नोंदवहीतील लाखभर रुग्णांच्या 2014 मधील तुलनेत आंशिक रोपणाच्या रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी 1.38 दिवसांनी कमी होता. रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यूही कमी. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. हे प्रमाण थोडे जपून वाचावे : आंशिक रोपण काढून पूर्ण बसवणे तुलनेने सोपे असल्याने दुखरा गुडघा पुन्हा उघडण्याचा निर्णयही लवकर होतो.

घरी गेल्यावरचे चित्र इतके झटपट नसते. बहुतेकांची काठी काही आठवड्यांत सुटते, पण सूज आणि ऊब काही महिने रेंगाळते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, नडगीच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूला दुखते. हे दुखणे बहुधा हळूहळू ओसरते. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला : मांडी घालता येईल का? गुडघा वाकतो चांगला, पण सरकती गादी निसटण्याचे प्रमाण आशियाई रुग्णांत अधिक आढळले आहे आणि त्याचा संबंध जमिनीवर बसण्याच्या सवयीशी जोडला जातो. त्यामुळे उत्तर रोपणाच्या प्रकारावर, म्हणजे गादी सरकती आहे की नाही यावर, अवलंबून असते.

ब्रिटनमधील 528 रुग्णांच्या ‘टॉपकॅट’ चाचणीत (2019) 5 वर्षांनंतर दोन्ही शस्त्रक्रियांचे ऑक्सफर्ड गुण (रुग्णाने स्वतः सांगितलेल्या वेदना आणि हालचालींवरून 48 पैकी दिलेले; जास्त तितके चांगले) जवळपास सारखेच निघाले. आंशिक रोपणाचा खर्च कमी होता.