बॉल कोणाकडे आहे ते सोडा, जागा कुठे उघडी पडली ते बघा

20 ऑगस्ट 2023, सिडनी, महिला वर्ल्ड कपची फायनल, 29वं मिनिट. इंग्लंडची राइट विंगबॅक (उजव्या कडेने मागे-पुढे पळणारी डिफेंडर) लूसी ब्रॉन्झ बॉल घेऊन आपली उजवी लाइन सोडून आत शिरली, मैदानाच्या मध्यावर स्पेनच्या पोरींच्या गराड्यात सापडली आणि बॉल घालवून बसली. स्पेनच्या तेरेसा आबेयेराने क्षणभरही न थांबता डावीकडे लांब पास दिला, अगदी त्याच पट्ट्यात जो ब्रॉन्झने आत्ताच मोकळा करून ठेवला होता. तिथे मारिओना काल्देन्तेय उभी. तिने बॉल घेतला, जरा रोखून धरला, समोरची डिफेंडर तिच्याकडे बघत राहिली तोवर मागून ओल्गा कार्मोना सुसाट आली, तिच्या पुढ्यात पास, आणि डाव्या पायाने जमिनीलगत, तिरका, लांबच्या पोस्टच्या आत. इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्सने पूर्ण झेप घेतली तरी हाताला लागला नाही. 1-0, आणि शेवटपर्यंत तेवढंच राहिलं, स्पेन वर्ल्ड चॅम्पियन.

हा गोल मी कितीतरी वेळा रिवाइंड करून बघितलाय आणि दर वेळी मला वाटतं की महिला फुटबॉलमध्ये अटॅक आता कसा चालतो हे कोणाला समजावायचं असेल तर हा एकच तुकडा पुरेसा आहे. गोल मारणारी डिफेंडर, लेफ्ट बॅक. सगळ्या चालीत एकही थक्क करणारं ड्रिबल, म्हणजे बॉल पायात खेळवत समोरचीला चकवणं, नाही. झालं काय, तर एका टीमची एक प्लेयर जागेवरून हलली आणि दुसऱ्या टीमला ते कळलं. कबड्डीत कोपऱ्यातली खेळाडू पकडीसाठी पुढे झेपावते आणि पकड हुकते तेव्हा तिच्या मागचा कोपरा जसा उघडा पडतो ना, तसंच.

आता यातलं गणित बघू, फार अवघड नाहीये. मोठ्या मॅचचं मैदान 105 मीटर बाय 68 मीटर, म्हणजे 7140 चौरस मीटर. 22 जणी. सरळ भागाकार केला तर एकीच्या वाट्याला जवळजवळ 325 चौरस मीटर येतात, म्हणजे साधारण 18 मीटर बाय 18 मीटरचा चौकोन. एवढी जागा एका माणसाने राखायची, अशक्यच आहे. म्हणून डिफेन्स करणारी टीम काय करते, तर सगळ्या मिळून मैदानाचा एक तुकडा घट्ट धरतात आणि बाकीचा सोडून देतात, बॉल जिकडे तिकडे सगळी साखळी सरकते. सोडलेला भाग कायम असतोच, प्रश्न फक्त तिथे बॉल आधी पोहोचतो की डिफेंडर.

आणि इथे बॉल जिंकतो. समजा 40 मीटरचा आडवा पास आहे, सरासरी सेकंदाला 18 मीटर वेगाने गेला तर सव्वादोन सेकंदांत पोहोचला. त्याच वेळात डिफेन्सला त्या बाजूला 20 मीटर सरकायचंय. टॉप लेव्हलची प्लेयर फुल स्पीडला ताशी 30 किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे सेकंदाला आठ-सव्वाआठ मीटर, पण तो स्पीड उभ्या उभ्या मिळत नाही, आधी मेंदूला कळायला अंदाजे 0.2 सेकंद, मग अंग वळवायचं, मग वेग घ्यायचा, असं धरून तीन-सव्वातीन सेकंद सहज जातात. मधला जो एक सेकंद उरतो ना, अटॅक करणारीची सगळी कमाई त्या एका सेकंदात असते. बॉल कंट्रोल करायला, मान वर करायला आणि पुढचा पास द्यायला तेवढा पुरतो.

ब्रॉन्झसारख्या प्लेयरचे हाल तर आणखी वाईट, कारण ती उलट्या दिशेने पळत असते. पुढे धावत असताना बॉल गेला की आधी ब्रेक मारायचा, मग वळायचं, मग शून्यातून वेग घ्यायचा, आणि समोरची आधीपासूनच वेगात असते. फुटबॉल अ‍ॅनालिसिसमध्ये आता ‘पिच कंट्रोल’ नावाची मॉडेल्स वापरतात, त्यात प्रत्येक क्षणी मैदानाचा कुठला तुकडा कोणाच्या ताब्यात आहे ते रंगवून दाखवतात, आणि त्यात फक्त कोण जवळ आहे ते धरत नाहीत, कोण कुठल्या दिशेने किती वेगात चाललीय तेही धरतात. म्हणून पुढे पळणारी स्ट्रायकर स्वतःच्या पुढची कितीतरी जमीन ‘खाऊन’ टाकते आणि तिच्या शेजारीच उभी असलेली डिफेंडर मात्र जेमतेम स्वतःभोवतीचं वर्तुळ राखते. दोघी एकाच जागी, पण ताबा एकीचा.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीये. महिला फुटबॉल ‘स्लो’ असतं असं म्हणून चॅनल बदलणारे लोक मला भेटत असतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. मैदान तेच, गोल तोच 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच, बॉल तोच पाच नंबरचा. धावण्याचा टॉप स्पीड पुरुषांपेक्षा थोडा कमी असेल तर त्याचा अर्थ असा होतो की तेवढीच जमीन झाकायला इथे डिफेन्सला जास्त वेळ लागतो, म्हणजे नीट बघितलेल्या, वेळेवर दिलेल्या पासची किंमत इथे वाढते. माझं मत असं की म्हणूनच जागा ओळखण्याची बुद्धी इथे जास्त स्पष्ट दिसते. स्पेनची मिडफिल्डर आयताना बोनमातीला बघा, बॉल येण्याआधी ती डावी-उजवीकडे, खांद्यावरून मागे किती वेळा बघून घेते ते मोजा. नॉर्वेचे गाईर योर्देट यांनी या ‘स्कॅनिंग’वर वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, बहुतेक पुरुष खेळाडूंवर, आणि जास्त वेळा आजूबाजूला बघून घेणाऱ्यांचे पास जास्त नीट पोहोचतात असं त्यात दिसलं. बोनमाती 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं बॅलन डी’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम प्लेयरचा पुरस्कार, घेऊन गेली, आणि ती मैदानातली सगळ्यात वेगवान प्लेयर कधीच नव्हती.

बरं, मग स्पेनसारखं सतत बॉल जवळ ठेवणं हाच उपाय का? तर त्याच वर्ल्ड कपमध्ये वेलिंग्टनला 31 जुलैला जपानने स्पेनला 4-0 मारलं होतं! दोन्ही टीम पुढच्या फेरीत आधीच गेलेल्या, ग्रुपमध्ये पहिलं कोण एवढाच सवाल. बॉल पाऊण वेळ, किंबहुना त्याहूनही जास्त, स्पेनच्या पायात. जपानने मागे पाच जणींची लाइन लावली, तिच्यापुढे चौघी, आणि शांतपणे वाट बघत बसले. स्पेन पुढे पुढे येत गेलं, त्यांच्या सेंटर बॅक (मधल्या डिफेंडर) जवळजवळ मध्यरेषेवर, म्हणजे त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान रिकामं. 12व्या मिनिटाला जुन एन्डोने डावीकडून त्या रिकाम्या मैदानात पास टाकला, हिनाता मियाझावा पळत सुटली आणि गोल. मग रिको उएकी, मग परत मियाझावा, हाफटाइमलाच 3-0. चौथा मिना तानाकाने उजवीकडून एकटीने आत येऊन मारला. मियाझावाने पाच गोल करून स्पर्धेचा गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस) घेतला, आणि आठवून बघा, त्यातले बरेचसे असेच, डिफेन्सच्या पाठीमागे धावून.

म्हणजे बॉल ठेवणं आणि बॉल सोडणं दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी जातात. स्पेन पास करत करत समोरच्यांना हलवतं, जपान समोरच्यांना पुढे बोलावून घेतं, आणि गोल दोघांनाही तेव्हाच मिळतो जेव्हा समोरची लाइन मोडलेली असते. स्पेनने त्या मारातून धडा घेतला, गोलकीपरसकट टीम बदलली, आणि फायनलमध्ये जो गोल केला तो बॉल हिसकावून काही सेकंदांत केलेला होता, जपानच्या वळणाचा. मला हे फार आवडतं.

आता गोलजवळचा भाग, इथे भूमिती येते. तुम्ही गोलच्या मध्यापासून 12 मीटर बाजूला आणि गोललाइनपासून 6 मीटरवर आहात असं धरा. तिथून दोन पोस्टमधला कोन मोजला तर भरतो साधारण 15 अंश. गोलच्या इतक्या जवळ येऊनही फट केवढी, तर एवढीशी, आणि तीही गोलकीपरने पोस्टला चिकटून बुजवलेली. आता तिथूनच बॉल मागे, पेनल्टी स्पॉटकडे दिला, तर 11 मीटरवरून तोच कोन होतो जवळजवळ 37 अंश. एका पासने खिडकी अडीच पट मोठी! याला कटबॅक म्हणतात आणि बार्सिलोनाच्या महिला टीमने तर यात मास्टरी केलीये, कॅरोलिन ग्रॅहम हान्सेन उजव्या लाइनवरून आत शिरते, गोललाइनपर्यंत जाते आणि मागे देते. याचा दुसरा फायदा म्हणजे त्या वेळी सगळ्या डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, मागून येणारी मिडफिल्डर त्यांना दिसतच नाही, आणि बॉल आणि ती एकाच वेळी नजरेत ठेवणं मानेला शक्यच नसतं.

लांबून शॉट मारायचं प्रमाण का कमी करायला सांगतात तेही यातूनच कळतं. 25 मीटरवरून, अगदी समोरून, कोन 17 अंशांचाही भरत नाही. अ‍ॅनालिस्ट लोक प्रत्येक शॉटला गोल व्हायची शक्यता देतात, एक्सपेक्टेड गोल्स किंवा एक्सजी, पेनल्टीला ती पाऊणच्या थोडी वर असते आणि लांबच्या शॉटला अगदी किरकोळ. स्टॅट्सबॉम्ब कंपनीने महिला वर्ल्ड कप, इंग्लंडची लीग वगैरेचा बराच डेटा फुकट खुला करून ठेवलाय, ज्यांना कोडिंग येतं त्यांनी जरूर बसून खेळावं त्याच्याशी.

पण आकड्यांच्या नादात विंगर, म्हणजे कडेवरून अटॅक करणारी प्लेयर, मरू नये असं मला कळकळीने वाटतं. कोलंबियाची लिंडा कायसेदो आठवते? 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अंडर-17 वर्ल्ड कप आपल्याकडे झाला होता, दोन्ही सेमीफायनल मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आणि फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला. तिथे स्पेन 1-0 ने जिंकलं, हरलेल्या कोलंबियात कायसेदो होती, जिंकलेल्या स्पेनमध्ये विकी लोपेझ, जी आता बार्सिलोनाकडून खेळते. नऊ महिन्यांनी तीच कायसेदो सिडनीत जर्मनीसमोर उभी. डावीकडून बॉल घेतला, दोन डिफेंडरच्या मधून आत वळली आणि उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात वर असा वळवला की बस्स. कोलंबिया 2-1 ने जिंकलं आणि जर्मनी ग्रुपमध्येच बाहेर गेलं. आता तिथून शॉट मारणं एक्सजीच्या हिशोबात काही ग्रेट नाही. पण एकटीने दोघींना हरवलं की समोरच्या टीमची सगळी मांडणी विस्कटते, तिसरीला मदतीला यावं लागतं आणि कुठेतरी कोणीतरी मोकळी होते, म्हणून ड्रिबल करणारी विंगर ही जागा तयार करायची सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत आहे.

तसंच क्रॉसचं, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या बॉलचं. मध्यंतरी ऐकायला यायचं की उंच क्रॉस टाकणं आता जुनं झालं, हेडर कोण मारतंय. आणि मग 27 जुलै 2025, बाझलला महिला युरोची (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची) फायनल, स्पेन विरुद्ध इंग्लंड, दोन्ही गोल क्रॉसवर हेडर! आधी ओना बात्येच्या क्रॉसवर काल्देन्तेय, मग क्लोई केलीच्या क्रॉसवर अलेसिया रुसो. पुढे इंग्लंड पेनल्टीवर जिंकलं. केली पहिल्या हाफमध्येच लॉरेन जेम्सला दुखापत झाल्यावर आलेली बदली प्लेयर. तिचा क्रॉस कसा होता तर डिफेंडर आणि गोलकीपरच्या मधल्या पट्ट्यात वळत येणारा, गोलकीपरने पुढे यायचं की थांबायचं हे ठरेपर्यंत उशीर झालेला. स्वीडनने 2023 च्या वर्ल्ड कपला हेच कॉर्नरवरून केलं, त्यांची सेंटर बॅक अमांडा इलेस्टेट स्पर्धेत चार गोल करून गेली.

बदली खेळाडूंवरून आठवलं, पाच बदल करायची परवानगी आल्यापासून अटॅक दोन शिफ्टमध्ये चालतो. मे 2025, लिस्बन, युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगची फायनल, बार्सिलोनापुढे आर्सेनल. बॉल बार्सिलोनाकडेच जास्त. दुसऱ्या हाफमध्ये बेथ मीड आणि स्टीना ब्लॅकस्टेनियस एकत्र मैदानात आल्या आणि 74व्या मिनिटाला मीडच्या पासवर ब्लॅकस्टेनियसने मॅचचा एकमेव गोल केला. दमलेल्या डिफेंडरला तो जो एक सेकंद लागतो ना वळायला, तो 70 मिनिटांनंतर दीड सेकंद होतो, आणि समोर ताज्या पायांची स्ट्रायकर.

आपल्या मुलींनाही हे येतं, बरं का. नोव्हेंबर 2021, ब्राझीलमधलं मानाउस, भारत ब्राझीलकडून 6-1 हरला, पण आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने गोल मारून 1-1 केलं होतं. ब्राझील पुढे आलेलं, मागे मैदान उघडं आणि त्यात धावत सुटलेली मनीषा, पुढच्याच वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय झाली ती. जुलै 2025 मध्ये चियांग मायला संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताने थायलंडला 2-1 हरवून 2026 च्या आशियाई कपमध्ये जागा मिळवली, आणि त्यात ग्रुपमध्ये समोर कोण आलं तर जपान. अशा वेळी कोचला त्या वेलिंग्टनच्या मॅचची रेकॉर्डिंग उलट्या बाजूने बघावी लागते, म्हणजे जपानने स्पेनला काय केलं याच्याऐवजी स्पेनच्या सेंटर बॅक कुठे उभ्या होत्या आणि एन्डोच्या पायात बॉल आला तेव्हा त्यांच्यातली कोण मागे वळायला तयार होती, हे.