सिरीज लूप की पॅरलल लूप: जॅक तेच, आतली वाट वेगळी

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पच्या मागे ‘सेंड’ (सिग्नल बाहेरच्या इफेक्ट पेडलकडे नेणारा) आणि ‘रिटर्न’ (तो परत आणणारा) असे दोन जॅक दिसले, तरी हा इफेक्ट लूप कोणत्या जातीचा आहे हे बाहेरून कळत नाही. सिरीज लूपमध्ये सगळा सिग्नल पेडलमधून फिरून येतो. पॅरललमध्ये मूळ सिग्नल आतल्या आत पुढे जातो आणि पेडलचा आवाज त्यात मिसळतो.

जागा दोघांची एकच: टोन कंट्रोलनंतर, फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याच्या) आधी. मास्टर व्हॉल्यूम रिटर्ननंतर ठेवावा, म्हणजे लूपची खरखरही त्याच्याबरोबर कमी होते. दोन ट्रायोड (स्वतंत्र वर्धक) असलेली एक 12एएक्स7 ट्यूब पुरते. तिचा एक ट्रायोड सेंडसाठी कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता केबल पेलणारा टप्पा), दुसरा रिकव्हरीसाठी, म्हणजे परत आलेला सिग्नल पुन्हा वाढवण्यासाठी. या ट्यूबच्या हीटरला 6.3 व्होल्टवर 300 मिलिअँपिअर लागतात. तेवढी ताकद ट्रान्सफॉर्मरमध्ये शिल्लक आहे का, हे आधी पाहा.

सेंड थेट प्लेटवरून घेतला तर एक ट्रायोड वाचतो, पण तो मोह टाळावा. 100के (किलोओहम) प्लेट रोधावर आउटपुट इम्पीडन्स सुमारे 38के असतो. 6 मीटर केबलचे साधारण 600 पिकोफॅरड त्यावर पडले की 7 किलोहर्ट्झच्या वर आवाज मंदावू लागतो. कॅथोड फॉलोअरचा इम्पीडन्स 600 ओहमच्या आसपास, त्यामुळे केबल त्याला जड जात नाही. 300 व्होल्ट पुरवठ्यावर कॅथोडखाली 1.5के, त्याखाली 100के, आणि ग्रिडपासून या दोघांच्या सांध्याला 1 मेगओहम. कॅथोड साधारण 110 व्होल्टवर बसतो. हीटर आणि कॅथोडमधली मर्यादा 180 व्होल्ट आहे, म्हणून पुरवठा बराच जास्त असेल तर हे व्होल्टेज मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रिडही जवळपास तेवढ्याच व्होल्टेजवर असते, त्यामुळे तिच्या आधी 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. सेंडचा कपॅसिटर 1 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा फिल्म. इथे 0.1 वापरला आणि पुढे 10के इनपुटचे रॅक युनिट आले, तर 160 हर्ट्झखालचा बास गळतो. कपॅसिटरनंतर 100के जमिनीला द्यावा, नाहीतर जॅक लावताना ठप्प असा आवाज येतो.

पातळीचा हिशेब मात्र दोन्ही लूपमध्ये वेगळा आहे, आणि गल्लत इथेच होते. प्रीअ‍ॅम्पमधून कित्येक व्होल्टचा सिग्नल येतो; 9 व्होल्टचे पेडल तो कापते. सिरीजमध्ये फॉलोअरच्या आधी 470के आणि जमिनीला 15के लावला की सिग्नल सुमारे 32 पट घटतो. रिकव्हरी ट्रायोडला 100के प्लेट आणि बायपास न केलेला (समांतर कपॅसिटर नसलेला) 1.5के कॅथोड रोध दिला, तर तो सुमारे 30 पट परत मिळतो. त्या कॅथोडवर 22 मायक्रोफॅरड टाकला की गेन 60च्या घरात जातो. तेवढा इथे नको.

पॅरललमध्ये फॉलोअरच्या आउटपुटवरून 220के आणि रिटर्नवरून दुसरा 220के, असे दोन्ही रिकव्हरीच्या ग्रिडवर येतात. या जोडणीत दोन्ही बाजू निम्म्या होतात, म्हणून 15केच्या जागी 33के लावावा. दोन्ही सिग्नल एकाच रिकव्हरीतून जातात, त्यामुळे ते तिथे उलटले तरी एकत्रच उलटतात. मूळ सिग्नल रिकव्हरीला वळसा घालून पुढे नेला, तर दोघे विरुद्ध फेजमध्ये भेटतात आणि आवाज पोकळ होतो.

जॅकचे संपर्कही बदलतात. सिरीजमध्ये रिटर्न रिकामा असताना त्याचा संपर्क सेंडला जोडलेला हवा. पॅरललमध्ये तो जमिनीला. तिथे सिरीजचीच जोडणी ठेवली, तर पेडल नसतानाही पातळी दुप्पट होते. जॅक चासीपासून इन्सुलेट करून त्यांची जमीन रिकव्हरीच्या जमिनीला न्यावी. हमची (सतत घुमणाऱ्या आवाजाची) बरीच तक्रार तिथेच मिटते.

डिले आणि रिव्हर्ब पॅरललमध्ये खुलतात, पण पेडल पूर्ण वेट (फक्त इफेक्टचा आवाज देणारे) असेल तरच. डिजिटल पेडलने ड्राय (मूळ) सिग्नल 1 मिलिसेकंद उशिरा परत पाठवला, तर 500, 1500, 2500 हर्ट्झवर खाचा पडतात. इक्वलायझर, कॉम्प्रेसर, नॉइज गेट, व्हॉल्यूम पेडल यांना सिरीजच लागतो: गेट बंद झाला तरी मूळ सिग्नल शेजारून वाजत राहिला, तर गेटचा उपयोग काय? पहिल्यांदाच बनवत असाल तर सिरीज बनवा. डिले त्यातही छान चालतो. इक्वलायझर पॅरललमध्ये धड चालत नाही.

लूपचा पुरवठा 10के आणि 22 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टने वेगळा गाळून घ्या; दोन ट्रायोडच्या प्रवाहाने तिथे 20-25 व्होल्ट उतरतात. आत हात घालण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रोधातून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. पेडल लावण्याआधी, ट्यूब तापल्यावर, सेंड जॅकवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतो आहे. तो बदलेपर्यंत पेडल दूर ठेवा.