मंत्रचळ : औषध, सराव आणि मेंदूतील रसायने

नको असलेला एकच विचार मनात पुन्हापुन्हा घुसणे आणि त्यातून उठलेली घालमेल शमवण्यासाठी तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागणे, याला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर आणि रुग्ण आता सर्रास ‘ओसीडी’ (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. कन्नडमध्ये ‘गीळु रोग’. मंत्रसाधनेत चूक झाली की माणसाला चळ लागतो, या जुन्या समजुतीतून मराठी शब्द आला. आजाराचा मंत्राशी काही संबंध नाही. संबंध आहे तो मेंदूतल्या एका ठरावीक वर्तुळाशी, आणि हे वर्तुळ गोळीने बदलते तसेच सरावानेही बदलते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी-कन्नड पट्ट्यात घरच्यांच्या लक्षात हा आजार अनेकदा पाण्यामुळे येतो. नळाला रोज पाणी नसते अशा गल्लीत भरून ठेवलेले बॅरल दुपारीच तळाला जाते आणि न्हाणीच्या दारावर थाप पडते, ‘अजून काय करूलालीस गं?’ आतली मुलगी हात धूतच असते. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून भेगाळलेली असते, साबण झोंबतो, तरी हात थांबत नाहीत. दुसऱ्या घरचा कर्ता माणूस कुलूप ओढून बघायला गल्लीच्या तोंडापासून चौथ्यांदा माघारी येतो. तिसऱ्या घरात बाहेरून काहीच दिसत नाही. देव्हाऱ्यापुढे हात जोडले की देवाविषयीच अभद्र विचार येतो, म्हणून मनातल्या मनात एकवीस वेळा नाव घ्यायचे आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून. ही तिसरी तऱ्हा डॉक्टरपर्यंत फार उशिरा पोचते, कारण ती बोलून दाखवायचीच लाज वाटते.

‘सोवळं जरा जास्तच आहे’ असे म्हणून घरचे बरीच वर्षे काढतात. सोवळे, किंवा शेजारच्या कन्नड घरातली ‘मडी’, आणि हा आजार यांत एक फरक अगदी स्वच्छ आहे. सोवळ्याला शेवट असतो. अंघोळ झाली, धूतवस्त्र नेसले, नैवेद्य दाखवला, की झालं. कन्नड माणूस त्या क्षणी ‘आयितु’ म्हणतो. मंत्रचळात हे ‘झालं’ आतून येत नाही. डोळ्यांना हात स्वच्छ दिसतात, बुद्धीलाही पटते, पण खूण पटत नाही.

ही खूण उमटवण्याचे काम मेंदूत अनेक भाग मिळून करतात. डोळ्यांच्या खोबणीवरचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स धोका आणि चूक हेरतो, सिंग्युलेटचा पुढचा भाग ‘काहीतरी चुकलंय’ असा इशारा देतो, खोलवरचा कॉडेट त्यातले काय पुढे सोडायचे ते चाळतो आणि थॅलॅमस निरोप परत वर पाठवतो. मंत्रचळात हे वर्तुळ तापलेले राहते. कॉडेटची चाळण नीट धरत नाही आणि तोच निरोप फिरफिरून वर येतो.

या वर्तुळात सेरोटोनिन, डोपामीन आणि ग्लुटामेट ही पेशींमधले निरोप नेणारी तिन्ही रसायने काम करतात. पहिला सुगावा सेरोटोनिनचा लागला. नैराश्यावरचे क्लोमिप्रामीन १९६० च्या दशकात स्पेनमधील डॉक्टरांनी या रुग्णांना देऊन पाहिले आणि गुण आला. पुढे त्याची तुलना डेसिप्रामीनशी झाली. दोन्ही नैराश्यावरचीच औषधे, पण क्लोमिप्रामीनचा जोर सेरोटोनिनवर, तर डेसिप्रामीन मुख्यतः नॉरॲड्रिनॅलिन या वेगळ्या रसायनावर चालते. मंत्रचळावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. अमेरिकेत क्लोमिप्रामीनला या आजारासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. नंतर फ्लुओक्सेटीन, फ्लुवोक्सामीन, सर्ट्रालीन ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मुख्यतः सेरोटोनिनवरच चालणारी औषधे आली आणि त्रास कमी असल्याने आज सुरुवात त्यांनीच होते.

चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन पुन्हा आत खेचून घेणारा पंप ही गोळी बंद पाडते. हे काही तासांतच घडते. तरीही आराम पडायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि उपचार फसण्याची एक मोठी जागा हीच आहे. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, अस्वस्थता, झोपेची ओढाताण होते, गुण काहीच दिसत नाही आणि गोळ्यांची पट्टी फडताळात पडून राहते. उशीर का लागतो, याचे एक उत्तर गिनीपिगांवरील प्रयोगांतून मिळाले. पंप बंद झाल्यावर पेशी आधी स्वतःच हात आखडता घेते; तिच्यावरचे नियंत्रक रिसेप्टर (सेरोटोनिन किती सुटले ते हेरणारे ग्राहक) हळूहळू बधिर झाल्यावरच सेरोटोनिन मोकळेपणाने सुटू लागते. मेंदूच्या इतर भागांत हा बदल तीन आठवड्यांत दिसला, ऑर्बिटोफ्रंटल भागात मात्र आठ आठवडे लागले. नैराश्यापेक्षा इथे डोसही बहुधा जास्त लागतो. नैराश्यात २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटीन पुष्कळदा पुरते, मंत्रचळात ते ४० ते ८० पर्यंत न्यावे लागते. हे ठरवायचे डॉक्टरने, मेडिकलच्या दुकानदाराने नव्हे.

‘तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय’ हे दवाखान्यात सांगितले जाणारे वाक्य समजायला सोपे आहे, पण अपुरे आहे. औषधाने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या शरीरात सेरोटोनिनचा कच्चा माल असलेले ट्रिप्टोफॅन मुद्दाम घटवून पाहिले, तेव्हा मंत्रचळ उलटला नाही. रिकामी टाकी भरण्यासारखे हे काम नाही. गोळी वर्तुळाची धग कमी करते आणि नवे शिकायला जागा करून देते, असे म्हणणे सत्याच्या जास्त जवळ जाते. ज्यांना पुरेशा मुदतीनंतरही गुण येत नाही त्यांना रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल हे दुसऱ्या गटातले औषध अगदी कमी मात्रेत जोडतात. ते डोपामीनच्या बाजूने काम करते. ग्लुटामेटच्या धाग्याला कर्नाटकातूनच बळ मिळाले. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये औषध न घेतलेल्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात ग्लुटामेट वाढलेले असल्याचे दाखवले.

दुसरा उपचार म्हणजे सामोरे जाणे आणि कृती रोखणे. त्याला ‘ईआरपी’ म्हणतात. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये तो मांडला. रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून भीतीची शिडी बनवतात. एखाद्या पोरीची शिडी अशी असू शकते : घरच्या चपलेला बोट लावणे, बसमधला दांडा धरणे, बाजारातून आलेल्या नोटा हाताळणे, आणि सर्वांत वर, त्याच हाताने भाकरी मोडून खाणे. बोट चपलेला लागते. छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो, नजर नळाकडे जाते. धुवायचे नाही. वीस मिनिटे, चाळीस मिनिटे. घालमेल चढते, टिकते, आणि न धुताही उतरू लागते. आईने या वेळी ‘काही होत नाही गं’ असा दिलासाही वारंवार द्यायचा नसतो, कारण तो दिलासाही धुण्याचेच काम करतो.

इथे कुठलेही रसायन बाहेरून दिलेले नाही, तरी मेंदू बदलतो. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘शिवलं, धुतलं नाही, तरी निभावलं’ अशी नवी आठवण तयार होते आणि कपाळामागचा भाग तिच्या जोरावर जुनीला दाबतो. चूक झाल्यावर मेंदूत उमटणारी विद्युतलहर या रुग्णांत मोठी असते. बऱ्या झालेल्या मुलांमध्येही ती तितकीच मोठी आढळली. घंटा वाजतच राहते, तिला ओ देण्याची सवय तेवढी सुटते.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात याचा गाजलेला पुरावा १९९२ चा आहे. लॉस एंजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांना फ्लुओक्सेटीन दिले, नऊ जणांवर वर्तनोपचार केले आणि सुमारे दहा आठवड्यांच्या अंतराने पीईटी स्कॅन, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारी चित्रे, काढले. ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर दोन्ही गटांत उतरला होता. रुग्ण मोजकेच होते, पण ‘गोळी खरी आणि बोलणं-बिलणं वरवरचं’ हा समज त्याने मोडला. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत ईआरपीने ६२ टक्के, क्लोमिप्रामीनने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के आणि खोट्या गोळीने ८ टक्के रुग्णांना गुण आला. गोळी बंद केल्यावर आजार उलटण्याचे प्रमाणही सराव शिकलेल्यांत कमी दिसते. गुण आल्यावर औषध साधारण वर्ष-दोन वर्षे चालू ठेवून मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम सोडले तर चक्कर येते आणि डोक्यात झिणझिण्या उठतात.

सीमाभागात गोळी मिळते. सराव करून घेणारा माणूस मिळणे कठीण. बेळगावात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. पण ईआरपीला दर आठवड्याची बैठक लागते, आणि खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावाहून त्यासाठी मजुरीचा अख्खा दिवस जातो. शिवाय भाषा. कचेरीत कन्नड, घरात मराठी, शाळेत इंग्रजी अशी जिभेची वाटणी इथे रोजची आहे. अभद्र विचार मात्र घरच्या भाषेतच येतो. सरावासाठी तो विचार कागदावर उतरवून मोठ्याने वाचायचा असतो, आणि परक्या भाषेत तेच वाक्य बोथट होते. भीती उठतच नाही, मग उतरणार काय? म्हणून बैठक कन्नडमध्ये झाली तरी तो कागद मराठीत लिहू द्यावा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येते; कर्नाटकातून फोन केला तरी आपल्याला मराठी हवी, हे सुरुवातीलाच सांगावे.