कंबोडियाला जाण्याआधी: शके ७२४ पासून आजपर्यंत

कंबोडियात पहिल्याच दिवशी एक गंमत लक्षात येते. नारळपाण्याचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे, सुटे परत येतात ते रिएलमध्ये. एका डॉलरचे साधारण चार हजार रिएल, त्यामुळे खिसा बघता बघता फुगतो. डॉलरच्या नोटेचा कोपरा जरासा फाटलेला असला, तर दुकानदार ती हसतमुखाने परत करतो. पर्यटकांच्या सोयीसाठी ही व्यवस्था असावी असे वाटते, पण तिच्यामागे एक पूर्ण देश मोडून पुन्हा उभा राहिल्याची गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडच्या सहली बहुधा व्हिएतनामला जोडून कंबोडियाला दोन-तीन दिवस देतात. अंगकोर वाटचा सूर्योदय, झाडांच्या मुळांनी वेढलेले ता प्रोह्म, बायोनचे हसरे चेहरे, आणि परत. बघायला हे उत्तमच आहे. पण परतलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘सगळी आपलीच देवळे आहेत हो!’ ते अर्धे खरे आहे, आणि जायच्या आधी समजून घ्यावा तो उरलेला अर्धा.

हा देश महाराष्ट्राच्या साधारण साठ टक्के आकाराचा आणि पावणेदोन कोटींच्या आसपास वस्तीचा. लोक ख्मेर, भाषा ख्मेर, लिपी पल्लव लिपीतून निघालेली. स्वतःच्या देशाला ते कंपुचिया म्हणतात. जुन्या शिलालेखांतले ‘कंबुज’ हेच ते.

या शिलालेखांत काळ मोजलेला आहे तो शकात. पंचांगात आपण लिहितो तेच शालिवाहन शके मेकाँगच्या काठी दगडावर कोरलेले आहे. सांबोर इथल्या एका लेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, अशी तिथी आहे आणि मधले शून्य एका टिंबाने दाखवले आहे. आकड्यातल्या शून्याच्या जगातल्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी तो एक. राजधानी नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो दगड आहे. अप्सरांच्या मूर्तींपुढे फोटो काढून झाले की तिथे दोन मिनिटे जरूर थांबावे.

अंगकोरच्या राज्याचा आरंभ मानतात तो शके ७२४चा, म्हणजे इ. स. ८०२चा. दुसरा जयवर्मन याने महेंद्रपर्वतावर, आजच्या नॉम कुलेन डोंगरावर, हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाकडून विधी करवून घेतला आणि आपण कोणाचे मांडलिक नाही असे जाहीर केले. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळातले, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणजे त्यानंतर जेमतेम एक-दोन पिढ्यांनी ही घटना घडली. ही हकिगत आपल्याला कळते ती अडीचशे वर्षांनंतरच्या एका लेखातून, त्यामुळे तिच्यातली दंतकथा किती आणि इतिहास किती यावर विद्वान अजून वाद घालतात. डोंगरावर शहर होते, एवढे मात्र २०१२मध्ये हेलिकॉप्टरमधून केलेल्या लेझर मोजणीने पक्के झाले. जंगलाखाली आखीव रस्त्यांची जाळी निघाली.

आता ‘आपलीच देवळे’ या वाक्याबद्दल. कोणी भारतीय राजा तिथे फौज घेऊन गेला नव्हता. व्यापारी गेले, ब्राह्मण गेले, पोथ्या गेल्या, आणि ख्मेर राजांनी त्यातले हवे ते उचलले. शिलालेखांतच हे दिसते. राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, पण देवळाला जमीन किती, तांदूळ किती, सेवेकरी कोण, ही यादी ख्मेरमध्ये. ज्या भाषेत हिशेब ठेवले जातात, घर तिचेच असते. अंगकोर हा शब्द पाहा: ‘नगर’चे ‘नोकोर’ झाले आणि ‘नोकोर’चे ‘अंगकोर’. शब्द आपल्याकडून गेला खरा, पण तो आता आपल्याला ओळखू येत नाही.

अंगकोर वाट बांधले दुसऱ्या सूर्यवर्मनने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, विष्णूसाठी. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मधला मनोरा सुमारे ६५ मीटर उंच, आणि भोवतीचा खंदक १९० मीटर रुंद. भिंतींच्या पायात आणि पोटात जो तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसतो तो कोकणी माणसाला लांबूनच ओळखू येईल: तो जांभा. खणताना मऊ, हवा लागली की कडक. वरून दिसणारा, कोरीव कामाचा वालुकाश्म मात्र कुलेन डोंगराकडून आणलेला आहे. बहुतेक वाटाडे थेट पूर्वेच्या ओवरीतल्या समुद्रमंथनापाशी नेतात. जवळजवळ ५० मीटरचा तो एकसलग शिल्पपट आहे, नेतात ते योग्यच. पण पश्चिमेकडच्या ओवऱ्यांत एका बाजूला कुरुक्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला लंकेचे युद्ध आहे. आपल्या लोकांना वाटाड्याची गरज लागणार नाही अशा दोनच भिंती तिथे आहेत, आणि नेमके त्यांच्यासमोरून घाईने जायचे असते.

प्रवेशाच्या गोपुरात आठ हातांचा एक उंच विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला ता रीच म्हणतात, भगवी-पिवळी वस्त्रे नेसवतात, उदबत्ती लावतात. ते सगळे बौद्ध आहेत. वर, सर्वांत उंच गाभाऱ्याची दारे चिणून तिथे बुद्ध कोरला आहे. हा बदल एका रात्रीत झाला नाही. ११७७मध्ये शेजारच्या चंपाच्या सैन्याने राजधानी लुटली. त्यानंतर सत्तेवर आलेला सातवा जयवर्मन महायान बौद्ध होता. बायोन त्याचे, ता प्रोह्म त्याने आईच्या नावे ११८६मध्ये उभारलेले. तिथल्या लेखात राज्यभरच्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. त्याच्यानंतर शैवांनी उचल खाल्ली आणि बुद्धाच्या असंख्य मूर्ती छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या. ता प्रोह्म आणि प्रेआह खानच्या भिंतींवर रिकामे कोनाडे दिसतात ते यामुळे. शेवटी टिकला तो थेरवाद हा बौद्ध पंथ, आणि आजही तोच आहे.

ही उलथापालथ चालू असताना १२९६मध्ये जोऊ दागुआन हा चिनी दूतमंडळातला माणूस इथे येऊन वर्षभर राहिला. त्याच साली आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. जोऊच्या नोंदींत राजवाड्यापेक्षा बाजार जास्त आहे. व्यापार बायकाच करतात, असे त्याने लिहून ठेवले. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराच्या मंडईत गेलात तर सव्वासातशे वर्षांत फारसे बदललेले दिसणार नाही.

अंगकोर का ओस पडले? १४३१मध्ये अयुथयाच्या सयामी, म्हणजे थाई, फौजेने ते जिंकले, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर. त्याआधीच्या शतकभरात दीर्घ अवर्षणे आणि मधूनच प्रचंड पाऊस येत होता, हे झाडांच्या वार्षिक वलयांवरून आता कळले आहे. हे शहर पाण्यावर उभे होते. एकट्या पश्चिम बाराय तलावाची लांबी आठ किलोमीटर. एवढी कालव्यांची यंत्रणा बिघडली की दुरुस्त करायला तितकेच मोठे राज्य लागते. राजधानी हळूहळू दक्षिणेला, नॉम पेन्हच्या बाजूला सरकली. तिथे समुद्री व्यापार जवळ होता.

मात्र अंगकोर वाट ‘जंगलात हरवले’ आणि १८६०मध्ये आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशाने ‘शोधले’, ही कथा विसरून जावी. भिक्षू तिथे राहतच होते. १६३२मध्ये एका जपानी यात्रेकरूने तिथल्या खांबावर शाईने मजकूर लिहून ठेवला. त्याआधी, १५८०च्या दशकात, अंतोनियो दा मादालेना हा पोर्तुगीज साधू अंगकोर पाहून आला. त्याने सांगितलेले वर्णन लिहून काढले दियोगो दो कौतोने. हा कौतो गोव्यात राहणारा, तिथल्या पोर्तुगीज दफ्तरखान्याचा प्रमुख. म्हणजे युरोपात अंगकोरचा बोलबाला होण्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे त्याचे वर्णन गोव्यात कागदावर उतरले होते. ते छापले गेले विसाव्या शतकात.

फ्रेंच आले १८६३मध्ये. सयाम आणि व्हिएतनाम या दोन शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेल्या राजा नोरोदोमने त्यांचे संरक्षण पत्करले. नव्वद वर्षांत त्यांनी रस्ते, रबराचे मळे, पाव आणि अंगकोरची शास्त्रशुद्ध डागडुजी मागे ठेवली. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी देश स्वतंत्र झाला.

पुढचा काळ प्रवाशाने थोडा सावकाश वाचावा. शेजारच्या व्हिएतनाम युद्धात राजपुत्र सिहानुक तटस्थ राहू पाहत होते. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी कंबोडियाच्या खेड्यांवर बॉम्ब टाकले. १९७०मध्ये जनरल लोन नोल यांनी सिहानुकांना पदच्युत केले. खेडी उठली, आणि त्या रागावर ख्मेर रूज हे कम्युनिस्ट बंडखोर वाढले. १७ एप्रिल १९७५ रोजी, नववर्षाचा सण उलटून एक-दोन दिवस होताहेत तोच, ते नॉम पेन्हमध्ये शिरले. काही दिवसांत सगळे शहर रिकामे केले. दवाखान्यांतले रुग्णसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा रद्द झाला आणि मध्यवर्ती बँकेची इमारत उडवून दिली गेली. शाळा, बाजार, विहार बंद. तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवसांत सुमारे सतरा ते वीस लाख माणसे उपासमार, रोगराई, वेठ आणि कत्तलीत गेली. देशाची वस्ती तेव्हा ऐंशी लाखांच्या आत होती.

नॉम पेन्हमधले तुओल स्लेंग हे मूळचे हायस्कूल. ख्मेर रूजने त्याचा तुरुंग केला: वर्गांच्या कोठड्या केल्या, खेळाच्या चौकटीला माणसे टांगली. मारलेल्यांना शहराबाहेर ‘चोएंग एक’ या जागी पुरले. ही ठिकाणे २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. सहलीतल्या कोणाला तिथे जायचे नसेल तर आग्रह करू नये, पण ‘सुट्टीत असले कशाला’ म्हणून कार्यक्रमातूनच गाळू नये. रात्री हॉटेलात जे अप्सरानृत्य पाहाल, त्याचाही याच्याशी संबंध आहे. हे नृत्य हजार वर्षांपूर्वीचे आहे असे निवेदक सांगतो. खरे तर आजचे त्याचे रूप राणी कोस्सामाक यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकाच्या मध्यात, शिल्पांवरून बसवलेले. ख्मेर रूजच्या राजवटीत दरबारी नर्तक-गुरूंपैकी बहुसंख्य मारले गेले. वाचलेल्या मोजक्यांनी आठवणीतून हस्तमुद्रा पुन्हा शिकवल्या. जुनेपणाच्या खोट्या दाव्यापेक्षा ही हकिगत मला कितीतरी मोठी वाटते.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजेने ख्मेर रूजला हुसकावले. जगातल्या बहुतेकांनी नव्या सरकारला मान्यता दिली नाही, भारताने १९८०मध्ये दिली. त्यातूनच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक १९८६ ते १९९३ अंगकोर वाटच्या डागडुजीला गेले. आसपास सुरुंग, वीज नाही, कामगार अर्धपोटी. त्यांनी वापरलेल्या रसायनांवर आणि सिमेंटवर नंतर बरीच टीका झाली. ती सगळी चुकीची नव्हती. पण दुसरे कोणी यायला तयार नव्हते तेव्हा ते गेले, हेही खरे. ता प्रोह्मचे पुढचे कामही भारताकडेच आले.

आणि डॉलर? रिएल १९८०मध्ये परत आला, पण लोकांचा विश्वास परत यायला वेळ लागला. १९९१च्या पॅरिस करारानंतर संयुक्त राष्ट्रांचे वीसेक हजार शिपाई आणि कर्मचारी निवडणूक घ्यायला आले आणि डॉलर खर्चून गेले. तेव्हापासून व्यवहार त्यातच सुरू आहेत. सरकारला ते बदलायचे आहे. मध्यवर्ती बँकेने काढलेल्या डिजिटल व्यवस्थेला नाव दिले आहे बाकोंग, नवव्या शतकातल्या देवळाचे.

सुरुंग मात्र अजून आहेत. ठळक देवळे सुरक्षित आहेत, पण दूरच्या अवशेषांपाशी पायवाट सोडून झाडीत शिरू नये.

युद्धाच्या काळात देवळेही लुटली गेली. कोह केर इथे भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाचा दगडी प्रसंग होता, भोवती बलराम आणि पांडव बसलेले. चोरांनी मूर्ती घोट्यातून तोडल्या आणि पावले तिथेच राहिली. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दुर्योधन विक्रीला आला, तेव्हा त्या पावलांनीच तो कुठला हे सिद्ध करायला मदत केली. २०१४मध्ये तो परत आला, भीमही कॅलिफोर्नियाच्या एका संग्रहालयातून परतला. आता ते नॉम पेन्हला आहेत.

थायलंडकडून रस्त्याने शिरायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. डोंगरकड्यावरचे प्रेआह विहेअर हे शिवमंदिर १९६२मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिले, पण हद्दीचा वाद मिटला नाही. २०२५मध्ये दोन्ही सैन्यांत चकमकी होऊन नाकी बंद झाली होती.

हवा बरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र तोन्ले सापचे सरोवर भरलेले पाहायचे तर थोडे आधी जावे. पावसाळ्यात मेकाँग फुगली की तोन्ले साप नदी उलटी वाहते आणि सरोवराचे क्षेत्र अनेक पटींनी वाढते. देशाची मासळी तिथूनच येते. त्यामुळे शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, प्राहोक नावाची आंबवलेल्या मासळीची चटणी भाजीतसुद्धा असते. पाणी पुन्हा मेकाँगकडे फिरते तेव्हा जलोत्सव होतो, नावांच्या शर्यती लागतात. तिथी कोणती? ‘कदक’ महिन्याची पौर्णिमा. कदक म्हणजे कार्तिक. त्यांचे महिने चेत, पिसाख, आसाठ असे आपल्याच क्रमाने चालतात.

भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात मात्र हॉटेल आणि बसचे आरक्षण आधी करून ठेवा. तेव्हा प्चुम बेन असतो. अखेरच्या तीन दिवसांत दुकाने बंद, शहरे रिकामी, सगळे गावी गेलेले. ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे चारच्या सुमाराला लोक विहाराभोवती फिरत अंधारात भाताचे गोळे टाकतात, ज्यांना कोणी उरले नाही अशा पितरांसाठी.